बिनबाह्यांचं झबलं

२२ मे

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. शिलाई चालू आहे. वाचनालयवाला म्हणाला, "काकू, वादळं वाचून झाली, आता तरी काही विनोदी न्या." मी ध्रुवावरच्या वितळत्या बर्फाचं पुस्तक आणलं.

बोटांचं विचारलं होतंस. सकाळी शिवताना सुई टोचू नये म्हणून घालते तो अंगुस्ताना नीट बसतो. वर्तमानपत्रात उन्हाची बातमी वाचली की पेरं लाल होऊन ठणकतात, मग तो बोटात जातच नाही. डॉक्टरांना आधी थट्टा वाटली. रक्त तपासल्यावर म्हणाले, "सांध्यांना सूज आहेच. धास्तीने ती वाढत असेल, आणि अंगात सूज असली की मनही जास्त भितं. दोघी एकमेकींना चढवतात."

"म्हणजे जावा-जावाच की!" म्हटलं.

हसले, गोळ्या दिल्या, पेपर बंद करायला सांगितला. केला. पण दुपारी छताचा पत्रा तडतडतो, तो कसा बंद करू? तुझे बाबा उन्हातून कामावरून आले, पाणी मागितलं आणि भांडं हातात घ्यायच्या आत कोसळले, तेव्हाही तो असाच तडतडत होता.

तू फोनवर गोड बातमी दिलीस, तेव्हा मी "दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवला. घरात दूध नव्हतंच. आई असून मला धड आनंद करता आला नाही गं. उठले आणि बाबांचा मलमलचा सदरा कापून झबलं शिवलं. विरविरीत, बिनबाह्यांचं, पाठ उघडी.

काल शेजारणीने ते उलटंपालटं करून पाहिलं. "अहो आजीबाई, लेक भर थंडीत बाळंत होणार ना? काकडेल की ते पोर!"

तेव्हा कुठे लक्षात आलं. भीतीने माझ्या डोक्यातून हिवाळाच पुसून टाकला होता.

तू बाळंतपणाला बोलावलंस आणि मी बोटांचं निमित्त सांगत राहिले. खरं तर वाटतं, बाळाला पाहिलं की मला त्याचे पुढचे उन्हाळेच दिसतील. अजूनही वाटतं. हे लिहितानाही पेरं ठणकताहेत.

पण मी येणार आहे. बाबांच्या सदऱ्याच्या बाह्यांमधून छोट्या बाह्या कापल्या आहेत. एक लावून झाली. दुसरीला वेळ लागेल, आज अंगुस्ताना बसत नाही.

दुपारी बाहेर पडू नकोस. माझ्यासाठी तरी.

भ्यालेली, तरी येणारी,
तुझी आई