भिंतीतला बल्ब

अप्पा, या महिन्याचं लाइटबिल शून्य आलं. चूक नाही ती, सरकारच भरतं आता. ठरावीक युनिटांच्या आत राहिलं की झालं, आणि मी एकटी बाई अशी कितीशी वीज जाळणार? रेशनच्या डिपोतला तांदूळही फुकट मिळतो. बिल हातात घेऊन मी दारात हसत उभी राहिले, तर मीटरवाल्याला वाटलं बाईंना काही समजलेलं नाही. "झीरो अम्मा, झीरो. एनू कट्टबेडी," काही भरू नका, असं त्यानं कानडीत दोनदा समजावून सांगितलं. याच घरात फुकटची वीज पहिल्यांदा आली तेव्हा तुम्ही केवढं रामायण केलं होतंत, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

तेव्हा तुम्ही कामाला होतात तो मेटगळ्ळीचा कारखाना बंद पडला होता. सकाळी डबा न घेताच तुम्ही सायकल काढायचात आणि लष्कर मोहल्ल्यातल्या वर्कशॉपांतून हाताला काही काम मिळतंय का बघत फिरायचात. घरात सगळ्यात जास्त ओढाताण रॉकेलची होती. कार्डावर मिळायचं ते एवढंसं, आणि त्यात स्टो पेटवायचा की कंदील, हा रोजचा प्रश्न. आईनं तो कुणाला न विचारता सोडवून टाकला. रॉकेल माझ्या अभ्यासाच्या कंदिलाला आणि स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर. लाकडाच्या गिरणीतून तुम्ही सायकलवर भुशाचं पोतं आणायचात. आई शेगडीच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठोकून ठोकून भरायची, मग बाटली अलगद वर काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून एक पेटती ढलपी आत सरकवायची. ती शेगडी तासन्‌तास धुमसायची, पण तिचा उजेड म्हणावा तर काही नाही. दिवेलागणीनंतर आत नुसती बांगड्यांची आणि पळीची वाजावाज. मला ती ऐकायची इतकी सवय झाली होती, की आपली आई अंधारात रांधते हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही.

मग एक दिवस वीज खात्याचा लाइनमन आपल्या गल्लीत येतो. ज्यांच्याकडे वीज नाही अशा गरिबांच्या घरी सरकार एक बल्ब फुकट लावून देणार आहे, तुमचंही घर लिहून घेऊ का, असं विचारतो. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून मिशीवरून हात फिरवता आणि म्हणता, "बेडा. नको. पुढच्या घरी द्या." तो गेल्यावर तुम्ही आम्हा दोघींना ऐकवलंत की आपले पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, आपल्या घरात कुणी कधी कुणापुढे हात पसरलेला नाही. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आणि त्यांच्या घोड्याला चंदी कोण घालत होतं? सरकारच ना, अल्वा?" मला हसू फुटलं आणि तुम्ही माझ्यावर डोळे वटारलेत. सुम्ने, गप्प बस म्हणालात मला, आईला मात्र काही म्हणाला नाहीत. पण बल्ब गेला तो गेलाच. बघता बघता शेजारच्या घरांत उजेड आला, आणि आपल्याकडे तोच कंदील आणि आत तोच अंधार. मला तुमचा फार राग आला होता अप्पा. तुमच्या त्या पणजोबांचाही आला होता.

त्यानंतर आईला ताप आला. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात शिरलात, जन्मात पहिल्यांदाच असणार. मी कंदील पुढे केला तर म्हणालात, "तू वाच." मग आतून भांडं पडल्याचा आवाज, मग चटका बसल्याचा. शेवटी तुम्ही भात आणि सारू घेऊन बाहेर आलात. डिपोचा तांदूळ तुम्हीही निवडला होतात म्हणे, पण त्या काळोखात तांदूळ कुठला आणि खडा कुठला, कुणाला कळणार? अंथरुणात बसून आईनं पहिला घास घेतला. तिच्या दाताखाली खडा वाजला तो मलाही ऐकू आला. तिनं तो बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "बरा झालाय भात." मग तुमच्या दाताखाली वाजला. तुम्ही घास तसाच तोंडात धरून तिच्याकडे बघत राहिलात. "रोज कसं करतेस गं?" एवढंच विचारलंत. "सवय झाली," ती म्हणाली. तुम्ही पुढे जेवला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडलात. कुठे जाता ते सांगितलं नाहीत. काही दिवसांनी तोच लाइनमन तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून दारात आला तेव्हा आम्हाला उलगडा झाला. तो माणूस खवचट नव्हता, पण त्याच्या तोंडून निघून गेलं, "बेडा अंदिद्रल्ला, सार?" नको म्हणाला होतात ना? मी पुस्तकात तोंड खुपसलं. तुम्ही आता त्याला हाकलून देणार, असंच मला वाटलं. तुम्ही जमिनीकडे बघत म्हणालात, "हौदु. ईग बेकु." होय, आता हवंय. तुमच्या तोंडून 'बेकु' हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तुम्ही मला तेव्हा जेवढे आवडलात तेवढे आधी कधी आवडला नव्हतात, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. घरात बापाला असलं काही सांगायची पद्धतच नव्हती.

मग बल्ब कुठे लावायचा यावरून खडाजंगी. तुम्ही म्हणता आत, हिच्या शेगडीवर. आई म्हणते बाहेर, पोरीच्या अभ्यासाला. लाइनमन वैतागून म्हणतो, "ओंदु मने, ओंदु बल्बु." एका घराला एकच. तुम्ही उठलात, कारखान्यातली छिन्नी आणि हातोडा काढलात आणि दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक पाडायला लागलात. आई पदर नाकाला लावून धुरळ्यातून ओरडतेय, "अहो, साकु, पुरे, घर पडेल." तुम्ही मात्र थांबायचं नाव नाही. दोन्हीकडे उजेड पडायला बल्बापुरतं भोक पुरलं असतं, तुम्ही चांगलं हातभर रुंद पाडलंत. लाइनमन डोकं खाजवत म्हणाला की असं कुठल्या नियमात नाही. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते आई पुढे आल्यागेल्याला सांगायची: "बल्बु ओंदे, सार. गोडे नम्दु." बल्ब एकच आहे, भिंत आमची.

आज घरात ट्यूबलाइट आहे, गॅस आहे. माझा मुलगा म्हणतो, भिंत नीट करून तिथे कपाट करू. मी आपलं आज नको, उद्या बघू, असं म्हणत दिवस ढकलतेय. हे पत्र घडी करून त्या भोकातच ठेवीन म्हणते, नाहीतरी दुसरा कुठला पत्ता आहे तुमचा? संध्याकाळी अजून पहिला दिवा तिथलाच लावते.

एक सांगायचं राहिलं. मी त्या उजेडात कधी धड अभ्यास केला नाही. पुस्तक मांडीवर उघडं असायचं, पण मी त्या भोकातून आईकडे बघत बसायचे. कट्ट्यावर शेगडी ठेवून ती उभ्यानं नाचणीच्या पिठाचे मुद्दे घोटायची, तेव्हा जोर लावताना खालचा ओठ दातात धरायची आणि झालं की एकटीच हसायची. रांधतानाचा तिचा चेहरा मी तोवर पाहिलाच नव्हता. तुम्हीही माझ्या शेजारी पेपर घेऊन बसायचात, अप्पा, आणि पान तुमचंही उलटत नव्हतं.