नुकसानीचा अंदाज

४ ऑगस्ट १९३५, रविवार. सकाळी ६
आजपासून अभ्यास. विमा कंपनीचे लाल पुस्तक परवा मुंबईहून आले. पाने ३१२. परीक्षा १६ नोव्हेंबरला, पुण्यात. आज धरून दिवस १०४. रोज तीन पाने केली की बरोबर ३१२. शिल्लक काही राहत नाही. हा योगायोग नव्हे.
पास झालो की सोलापूर जिल्ह्याचा असेसर मी. म्हणजे कुठे आग लागली की जाऊन बघायचे, काय जळले, किती जळले, भरपाई किती द्यावी ते ठरवायचे. सध्या हे काम करायला पुण्याहून एक गृहस्थ येतात. चौदा वर्षे मी त्यांच्यामागे दौत-टाक घेऊन उभा आहे. ते करतात ते सगळे मला येते. फक्त सर्टिफिकेट नाही.

सायंकाळी ७
टाइमटेबल आखले. दोन शाया वापरल्या. दिवस त्यातच गेला. पाने शून्य. उद्या सहा.

७ ऑगस्ट
घरात गडबड असते म्हणून पुस्तक घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. घरात हिच्याशिवाय कुणी नाही आणि ही बोलत नाही, तरी गडबड असते. पान १ वाचले. तळ्यावर वारा चांगला असतो. जाग आली तेव्हा मिलचा भोंगा होऊन गेला होता. ऑफिसला उशीर. आमच्या विमा एजन्सीचे मालक सिद्रामप्पा यांनी घड्याळाकडे पाहिले.
तळे बंद. घरीच वाचणे.

१९ ऑगस्ट
पाने ११. गती कमी वाटते, पण पाया पक्का होतो आहे. नुसते वाचणारे पुष्कळ असतात.
ऑफिसचा शिपाई कल्लप्पा याने पुस्तक हातात घेऊन वजन पाहिले आणि विचारले, महिपतराव, ह्ये समदं आगीवरच हाय का? मी हो म्हणालो. तो म्हणाला, आग एवडी न्हाय हो. कल्लप्पा आधी बावीस वर्षे मिलमध्ये आग विझवायच्या बंबावर होता. शिक्षण नाही.

२० ऑगस्ट
गावाहून, करकंबहून, थोरल्या दादाचे पत्र. शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेले. कसली परीक्षा ते समजले नाही, पण पास हो. शाळू पेरायच्या आधी एकदा येऊन जा. गाय व्यायली.
उत्तर लिहिणे. या आठवड्यात.

१ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
सणाला वाचू नये असे ऐकले आहे. कुणाकडून ते आठवत नाही.
हिने विचारले, दादांना पत्र टाकलं का? मी म्हणालो, परीक्षा आटोपली की स्वतःच जाऊन सांगतो, पत्रापेक्षा ते बरे. हिने मोदकाचे ताट पुढे ठेवले आणि आत गेली.

१२ सप्टेंबर. दुपारी ३
संधी आली. मालधक्क्याजवळच्या कापसाच्या गोदामाला पहाटे आग लागली. दोनशे गाठी, आपल्याच कंपनीचा विमा. पुण्याचे गृहस्थ शनिवारपर्यंत येत नाहीत. मालक म्हणाले, महिपतराव, तुमची परीक्षा हाय की जवळ, तुमीच जाऊन बगा, सराव हुतंय.
गेलो. बरोबर कल्लप्पा. बंब येऊन पाणी मारून गेला होता. धूर नाही. चाळीस गाठी काळ्या, बाकी एकशेसाठ ओल्या पण शाबूत. वरून हात लावून पाहिला, गार. लाल पुस्तकात म्हटले आहे तशी शांतपणे पाहणी केली. वहीत लिहिले: आग पूर्ण विझली, वेळ दुपारी १-२०.
कल्लप्पा मध्ये मध्ये बोलत होता. कापूस वरनं इझतंय महिपतराव, आत जागंच ऱ्हातंय, दोन-तीन दीस कळत न्हाय. गाठी फोडून बगितल्याबिगर काय लिवू नका. मी त्याला सांगितले, एकशेसाठ चांगल्या गाठी फोडल्या तर ते नुकसान आपण केले असे होईल.  त्याने पुन्हा एकदा गाठीवर तळहात दाबून पाहिला.
मुंबईला तार केली. सही माझी. बरे वाटायला हवे होते. दमल्यामुळे वाटले नसेल.

१४ सप्टेंबर, शनिवार
आज सकाळी गोदाम पुन्हा पेटले. सगळे.
पुण्याचे गृहस्थ नेमके त्याच वेळी टांग्यातून उतरले. त्यांनी विचारले, विझली असे कुणी कळवले? मालकांनी माझ्याकडे बघितले नाही, म्हणून सर्वांना कळले.
नंतर ऑफिसात मालक म्हणाले, आपलं नाव मुंबईला गेलं की महिपतराव. जायाचंच हुतं एक दिवस, पण असं नको हुतं. एवढेच. रागावले असते तर बरे.
कल्लप्पाने चहा आणून दिला. मी तुम्हांला सांगितलं होतं, असे म्हणाला नाही. हे त्याने म्हणायला हवे होते, म्हणजे मला त्याला काही सांगता आले असते.
प्रत्यक्ष काम आणि परीक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत गाठी नसतात.

३० सप्टेंबर
पाने ३१. टाइमटेबल नवीन केले. जुने फार कडक होते.

९ ऑक्टोबर. सकाळी ११
ऑफिसात तार. हरिबा वारला. लगेच ये.
दादा काल बैलाला पाणी पाजायला विहिरीवर गेला. काठावर बसला, तो बसूनच राहिला. हे नंतर कळले. तारेत चारच शब्द होते. पुढचे दोन मला आज्ञा म्हणून.
मालकांनी रजा दिली. हिने पदर तोंडाला लावला. मी पेटी भरली. धोतर, सदरा, लाल पुस्तक. कुर्डुवाडीला दीड तास थांबावे लागते, तेवढ्यात दहा पाने होतील.

१० ऑक्टोबर, करकंब
पोहोचलो. कुर्डुवाडीहून लहान गाडीने मोडनिंब, पुढे बैलगाडी. सगळे आटोपले होते. थांबता आले नाही, असे लोकांनी सांगितले. मी ठीक आहे म्हणालो.
मला पाहून बायका मोठ्याने रडल्या. पुरुष गळ्यात पडले. मी प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवला. रडू येत नाही. प्रवासाचा शीण असेल. उद्या येईल.

१२ ऑक्टोबर
आले नाही.
लोकांच्या लक्षात आले आहे. एकजण दुसऱ्याला म्हणाला, शहरात ऱ्हाऊन मानूस दगड हुतंय. दुसरा म्हणाला, साहेब व्हायचा हाय की त्यो आता. म्हणजे दादाने परीक्षेचे गावभर सांगितले होते.

१५ ऑक्टोबर
ओसरीवर बसून पुस्तक उघडले. लाल बांधणीमुळे पोथी समजून दोन म्हाताऱ्या नमस्कार करून समोर बसल्या. उठवता आले नाही. मग वहिनीही येऊन खांबाला टेकली. पाच दिवसांत ती पहिल्यांदाच माजघरातून बाहेर आली.
तिने विचारले, काय लिवलंय त्यात?
पान ९ होते. मी मराठीत सांगितले, ज्याचं नुकसान झालं, तो नुकसानीच्या आधी जसा होता तसा त्याला परत करून ठेवायचा. जास्त नाही, कमी नाही.
वहिनीने पुस्तकाकडे पाहिले. मग म्हणाली, कोन ठेवतंय असं?
मी म्हणालो, कंपनी.
आन मानूस गेला तर?
मी म्हणालो, माणसाला हा नियम लागू नाही. तसे पुस्तकात स्पष्ट आहे. ते खाते वेगळे.
वहिनी व्हय म्हणाली. उठली आणि गाईला वैरण टाकायला गेली. म्हाताऱ्या हात जोडून बसूनच होत्या. उत्तर बरोबर होते. परीक्षेत याला पूर्ण मार्क पडतील.

१७ ऑक्टोबर
दहावा. दादाला मूल नाही, म्हणून सगळे मी केले. डोके आणि मिशी उतरवली. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, हरिबाची इच्छा कायबी ऱ्हायली न्हाय.
पाने ३८. इथे जास्त होत नाही.

२२ ऑक्टोबर, सोलापूर
परत आलो. टोपी सैल होते. कल्लप्पाने वर्तमानपत्राची घडी करून आत घालून दिली.
उरलेली पाने २७४, दिवस २५. रोज अकरा. ऑगस्टात तीन होत नव्हती ही गोष्ट खरी, पण तेव्हा वेळ पुष्कळ होता म्हणून होत नव्हती.

२६ ऑक्टोबर, दिवाळी
दुखवट्यामुळे घरात काही नाही. वाचायला उत्तम दिवस. भिंतीकडे बघत बसलो होतो असे ही म्हणते. मी मनात उजळणी करत होतो.
हिने विचारले, तुम्हांला काय होतंय? मी म्हणालो, काही नाही. हे खरे आहे. काहीच होत नाही. भाकरी खाल्ली तर भाकरी खाल्ली एवढेच कळते.

५ नोव्हेंबर
पाने ६०. आता सगळे वाचण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे तेवढे. महत्त्वाचे कोणते हे ठरवण्यासाठी आधी सगळे चाळावे लागेल. उद्यापासून चाळणे.

११ नोव्हेंबर
मालकांनी बोलावून सांगितले, गोदामाचं मुंबईवाले विसरले न्हाईत. पण पास झालात तर मी आग्रह धरतो. न्हाय तर पुण्याचा मानूस कायमचा हितं येतंय, मंग तुमी हाय तितंच. मी म्हणालो, काळजी नसावी. हे इतक्या शांतपणे म्हणालो की त्यांना धीर आला.

१५ नोव्हेंबर. स्टेशन, दुपारी
हिने शेंगाचटणी-भाकरी बांधून दिली. दारापर्यंत आली. म्हणाली, दादा असते तर स्टेशनावर आले असते. मी म्हणालो, करकंबहून सोलापूर स्टेशन लांब पडते. ही म्हणाली, तरी आले असते.
पाने ९४. पण ती पक्की.

१७ नोव्हेंबर, रविवार. परतीची गाडी
काल काय झाले ते क्रमाने लिहून ठेवतो. पाहणीचा नियम तसा आहे.
परीक्षा लष्कर भागात एका लांब हॉलमध्ये. उमेदवार एकोणीस. देखरेखीला एक म्हातारे पारशी साहेब. दहा वाजता प्रश्नपत्रिका आणि एक छापील फॉर्म मिळाला. आधी फॉर्म भरायचा, मग उत्तरे. नाव, वय, हुद्दा, पत्ता, सगळे चांगल्या अक्षरात लिहिले. शेवटचा रकाना, सर्वांत जवळचा नातेवाईक.
मी लिहिले, हरिबा, थोरला भाऊ, मुक्काम करकंब. हात थांबला नाही. शाळेत नाव घातल्यापासून असल्या रकान्यात हेच लिहीत आलो आहे. पंढरपूरला शिकायला होतो तेव्हाही हेच. दर रविवारी तो करकंबहून चालत येऊन आठवड्याच्या भाकऱ्या देऊन जायचा. आत यायचा नाही, पाय मळलेत म्हणायचा.
मग ते लिहिलेले दिसले. खोडायचे म्हणून टाक बुडवला. खोडता येईना. हिचे नाव लिहावे तर रकान्यात जागा नाही.
तेवढ्यात फॉर्मवर पाणी पडले. मी छताकडे पाहिले. छत कोरडे होते. शेजारचा उमेदवार माझ्याकडे बघत होता. मग आवाजही यायला लागला आणि तो माझाच होता. मला थांबवता येईना.
पारशी साहेब जवळ आले. प्रकृती बरी नाही का, असे इंग्रजीत विचारले. मी सांगितले, भाऊ वारला. कधी, त्यांनी विचारले. मी म्हणालो, एकोणचाळीस दिवस झाले. त्यांनी दंडाला धरून व्हरांड्यात बाकावर नेऊन बसवले, पाण्याचा पेला दिला, आणि दार ओढून घेतले.
एक वाजता घंटा झाली तेव्हा मी बाकावरच होतो. बाकीचे बाहेर आले.
प्रश्नपत्रिका आता गाडीत वाचली. आठांपैकी पाच येत होते. दुसरा तर पान ९ वरचाच. म्हणजे तयारी कमी नव्हती. ही गोष्ट नोंदवून ठेवतो.

१८ नोव्हेंबर
हिला सांगितले, पेपर बरा गेला. हिने हो म्हटले.
दुपारी कोट धुवायला घेताना आतल्या खिशात फॉर्म आणि कोरे कागद सापडले. अहो, हे तुमच्याकडंच राहिलं की, असे म्हणाली.  तिने शेवटचा रकाना बोट ठेवून वाचला. तिला अक्षरे लावून लावून वाचता येते. मग फॉर्म उन्हात पसरला, वर वाटी ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पुष्कळ वेळ बसली.

२० नोव्हेंबर
वहिनीला पत्र टाकले. हिला घेऊन पुढच्या महिन्यात येतो असे लिहिले. आधी हिला विचारले होते.

१२ डिसेंबर
मुंबईचे पत्र आले. मालकांनी उभ्यानेच वाचले. उमेदवार १९. पास ७, नापास ११. सोलापूरचा उमेदवार गैरहजर.
मालकांनी विचारले, पुण्याला गेला होतात न्हवं? मी म्हणालो, गेलो होतो. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पत्र फायलीला लावायला माझ्याकडे दिले. फायलींचे काम माझेच आहे.
पुण्याचा माणूस एक तारखेपासून इथे राहायला येतो. त्याच्यासाठी खोली बघायची आहे.
मी गैरहजर नव्हतो. तसे मुंबईला कळवावे म्हणून मसुदा केला. चांगला झाला होता. शेवटी पुरावा जोडावा लागतो. पुरावा म्हणजे तो फॉर्म, आणि मुंबईला गेलेले कागद परत येत नाहीत.
मसुदा फाडला.