जिवंत पोचलेले तीन मासे

अमूर नदीकाठ, ९ एप्रिल १९६६

ती. बीबीझात वहिनीस,
धाकट्या दिराचा लांबूनच सलाम वि. वि.

पत्र तुम्हाला लिहितोय, कारण दादा माझं पत्र चुलीत घालील, आणि बाबांना आता डोळ्यांनी काहीच दिसत नाही. मी इथे मासे वाढवायच्या केंद्रात लागलोय. त्याआधीची तीन कामं सोडली, ते दादाला सांगू नका. सांगालच म्हणा, तुमच्या पोटात काय राहतं!

मी निघताना दादा गावासमोर म्हणाला होता, याला नावेत घेण्यापेक्षा बोकड घेतलेला बरा, निदान कापून खाता येतो. मला आपल्या अकशेलेक तळ्यावर त्याच्या नावेत जागा हवीय, दुसरं काही नको. म्हणून एक पेटी पाठवतोय. गावचा साल्लाबाय सैन्यातून सुटलाय, आठ दिवसांची गाडी आहे, तो आणील. ओल्या शेवाळात पाच मासे आहेत. पाण्याबाहेरही हवा खाऊन जगतात. नाव सापडोक्या, डोकं बघाल तर कळेल. दादाने जिवंत बघितल्याशिवाय मात्र कापू नका. असा मासा त्याने जन्मात धरला नसेल. म्हणावं, बोकडाने पाठवलाय.

लोभ आहे की नाही ते कळवा, म्हणजे इकडून किती ठेवायचा ते ठरवीन.
तानिरबेर्गेन

अकशेलेक, २ जून १९६६

चि. तानिरबेर्गेनला वहिनीचे अ. आ. वि. वि.

पेटी पोचली. दोन मासे वाटेतच मेले. त्यांचा वास साल्लाबायच्या गणवेशात असा बसलाय की होणारी सासू त्याला दारातच चहा देते. तीन मात्र जिवंत होते. दादा तीन दिवस तळ्यावर, आणि तुझा हुकूम, कापू नका. घमेल्यात ठेवले, तर एक उडी मारून अंगणात आला नि सरपटत कोंबडीच्या पिल्लांकडे निघाला. मी ओरडले तशी सगळी आळी गोळा झाली.

बाबांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, इतक्या लांबून जिवंत आलेला पाहुणा आहे, त्याला आल्या दिवशी सुरी दाखवायची नसते, पाणी विचारायचं असतं. आणि स्वतः काठी टेकत जाऊन तिघांना तळ्यात सोडून आले. दादा परतल्यावर म्हणाला, एवढ्या तळ्यात तीन मासे, काय बिघडतंय. आणि बोकडाला कळव म्हणाला, नावेत जागा नाही.

ज्वारीचा घाटा करते तेव्हा तुझी आठवण येते. तू होतास तेव्हा भांडं कधी पुरलं नाही. लोभ आहे, पण उतू जाईल इतका नाही.
बीबीझात

अमूर नदीकाठ, १४ ऑक्टोबर १९६६

ती. वहिनीस सलाम. या वेळी वि. वि. नाही, विनवणी आहे.

इथे तळी उपसणारी एक म्हातारी आहे. मी सापडोके घरी पाठवले हे ऐकून ती कपाळाला हात लावून बसली. आमच्या केंद्राच्या तळ्यात तो चुकून शिरला तर ठेचून मारतात, कारण तो दुसऱ्याचं पिल्लू शिल्लक ठेवत नाही. मला फुकट मिळाले ते म्हणूनच. उन्हाळ्यात तो काठच्या लव्हाळ्यात घरटं करतो. दादाला म्हणावं, जाळी लाव आणि तिन्ही काढ. हात जोडतो.

घाईत लोभाचं लिहायचं राहिलं, समजून घ्या.
तानिरबेर्गेन

अकशेलेक, २० नोव्हेंबर १९६९

चि. तानिरबेर्गेनला, या पत्रातला निरोप दादाचा, बाकीचं माझं.

तुझं ते पत्र मी तेव्हाच वाचून दाखवलं होतं. दादा हसला. म्हणाला, जागा मिळाली नाही तर पोरगं आता भीती घालतंय. ते हसू दोन उन्हाळे पुरलं. आधी बारीक मासळी गेली. मग बेडूक, एक उन्हाळा असा आला की तळं मुकं झालं. बदकाची पिल्लं पाण्याखाली ओढून नेताना मी स्वतः पाहिली. पाणकोळी पक्षी आले, दोन दिवस पोहले नि निघून गेले. आणि आपला सुयेन, ज्या माशावर हे गाव जगलं, तो यंदा साऱ्या मोसमात सातच मिळाला. बाकी जाळं भरून तुझे. ते डोकं बघून गावात कोणी त्याला तोंड लावत नाही.

आम्ही कापसाच्या शेतावर कामाला निघालो. दादा म्हणतो, नाव तुझी, जाळी तुझी, तळं तुझं. जागा हवी होती ना, ये आणि बस. शेजारी कोणी नाही, पाय पसरून बस. बाबा यायला तयार नाहीत, तेही तुझेच. त्यांनी सोडलेल्या पाहुण्यांनी काय केलं ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तर दादा तुझे हात तोडील.

लोभ होता, पण तो गाठोड्यात मावला नाही.
बीबीझात

अकशेलेक, ३ ऑगस्ट १९७०

ती. वहिनीस, एकट्या नावाड्याचा सलाम वि. वि.

रोज नावेत असतो. सापडोक्या मारण्याइतकं सोपं काम जगात नाही. नर आणि मादी पिल्लांच्या थव्याखाली पहारा देतात. वल्हं घातलं तरी हलत नाहीत, उलट वल्ह्यालाच चावतात. पिल्लं टाकून पळाले असते तर वाचले असते. दोघांच्याही डोक्यात मी दांडका घालतो. मग शेजारचे सापडोके येऊन ती पिल्लं खातात, ते बसून बघतो. दादाला सांगा, बरं वाटेल त्याला. कमी मात्र होत नाहीत.

सरकारने मागे अमूरकडून इकडे आणून वसवलेल्या कोरियन वस्तीतले लोक येऊन ढीग नेतात. म्हणतात, चव चांगली आहे. खरंच चांगली आहे, तेच वाईट.

बाबांना मी सांगितलेलं नाही. जेवायला बसले की विचारतात, सुयेन मिळाला का. मी हो म्हणतो नि सापडोक्या वाढतो. परवा बराच वेळ घास तोंडात घोळवत बसले. म्हणाले, सुयेनला काय बारीक काटे असायचे, तुझी आई जेवताना कोणाला बोलू द्यायची नाही. हल्ली काटेच लागत नाहीत, डोळ्यांसारखी माझी जीभही गेली का रे. मी म्हटलं, हो बाबा, वय झालं. त्यांना पटलं. मान हलवून जेवले.

तर एक काम होतं. गेल्या मोसमातल्या त्या सात सुयेनांतले दोन दादाने सुकवून नेलेत, मला माहीत आहे. मांस तुम्ही खा, पोरांना द्या. काटे मात्र टाकू नका; पुसून, कागदात बांधून पाठवा. वाढताना एका घासात एकच घालीन. जपून वापरले तर बाबांना जन्मभर पुरतील.

लोभ मागत नाही. काटे तेवढे विसरू नका.
तानिरबेर्गेन