उत्तरेच्या दाराला माझी हरकत

रविवार, ३ सप्टेंबर

प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या पडवीत एकेकाची तब्येत विचारली. मॉडचा गुडघा बरा आहे. बर्ट्रमला ऐकू येत नाही ते नाहीच, पण कानातल्या यंत्राची शिट्टी तरी थांबली. लार्टरबाईंचा खोकला तसाच. आमच्या एनिडला विचारायचं राहिलं, कारण ती नव्हतीच तिथे. उपदेश अर्ध्यावर असताना उठून गेली, गेल्या रविवारसारखीच. माझी धाकटी बहीण, पंच्याहत्तरीची, पण कणा ताठ. नव्या व्हिकारबाईंचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूबाईंचं, संडासपुराण तिला सोसत नाही. शाबास!

हो, संडास. चर्चला. दारावर सूचना डकवली आहे. उत्तरेकडचं बुजवलेलं दार उघडायचं, बाहेरून एक खोली जोडायची, तिच्यात संडास आणि चहाची मोरी. पॅरिशमधल्या, म्हणजे या चर्चच्या हद्दीतल्या, कुणालाही हरकत घेता येते. हरकत आली की काम अडतं, प्रकरण बिशपच्या कचेरीत जातं. मी घेणार आहे. लिहितानासुद्धा तोंड कडू झालं.

मंगळवार, ५ सप्टेंबर

एक जोडपं चर्च बघायला आलं होतं. हिंडवलं. बस चालवायचं सोडल्यापासून हाच माझा उद्योग. शिक्षण म्हणाल तर वाचनालयातली पुस्तकं आणि स्वतःचे डोळे. गोल मनोरा दाखवला. आमच्या सफक परगण्यात कोपरे घडवायला दगड नाही, नुसती गारगोटी, म्हणून गोल बांधला म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही, तेही सांगितलं. वेदीकडचा भाग जरा वाकडा आहे. बाई म्हणाल्या, "क्रूसावर ख्रिस्ताची मान कलली होती ना, तसा मुद्दाम बांधतात."

म्हटलं, "मुद्दाम नव्हे हो. जुनं चर्च उभं ठेवून नवं बाहेरून बांधत आणलं, मधे भिंत, आरपार दिसेना. गवंड्याची दोरी चुकली."

त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, मग चहा पाजला.

भिंतींकडे बघवत नाही. पणजोबांच्या काळात शहाण्यांनी आतला चुना खरवडून काढला, 'खरा दगड' दिसावा म्हणून. पुढच्या शहाण्यांनी सांध्यांत सिमेंट भरलं. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटातून पडत नाही. आता भिंतीला घाम फुटतो आणि हिरवा शेवाळी थर धरतो, हात लागला तर शिसारी येते.

आणि एवढं करून जे एक दार कुणी नासवलं नाही, त्याच्यावर यांचा डोळा! नऊशे वर्षांची कमान, तिच्यावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. गावात त्याला सैतानाचं दार म्हणतात. बाप्तिस्म्याच्या वेळी उघडं ठेवायचे, बाळातला सैतान पळून जावा म्हणून. मुळात ते मिरवणुकीचं दार. मिरवणुका बंद पडल्या, नुसता वारा यायला लागला, म्हणून बुजवलं. आता तिथे पाणी सोडल्याचा आवाज घुमणार.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

सभा झाली. डोकं अजून तापलेलं आहे.

गॅरड नावाचा वास्तुविशारद आला होता. पोरगा वाईट नाही. म्हणाला, "कमानीच्या एकाही दगडाला धक्का लागणार नाही, काका. फक्त आत ठासलेला भराव काढायचा."

"आणि मैल्याचा पाइप? तो कुठून?"

"उत्तरेच्या आवारातून."

उत्तरेचं आवार म्हणजे कुणाचं? तिथे पुरलीत बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं, जीव दिलेले, बेवारशी. गावानं त्यांना सावलीच्या बाजूला लोटलं आणि आता त्यांच्या उशापायथ्याशी घाण वाहवायची. मी हे उभं राहून सांगितलं.

मग व्हिकारबाई, रोझलिंड पास्क, हसून म्हणाल्या, "सैतानाला बाहेर जायला दार होतं, तर भक्तांची थोडी सोय का नको?"

सगळे खिदळले. बर्ट्रमसुद्धा, न ऐकता. एनिड तेवढी हसली नाही. कपात बघत बसली होती. घरी येऊन हरकत लिहिली आणि टपालात टाकली.

रविवार, १० सप्टेंबर

ओकारी यायची बाकी होती. उत्तरेच्या भिंतीला आधाराचा जो दगडी धिरा आहे ना, त्याच्यामागे कुणीतरी लघवी करतं. ओला डाग, चुरगळलेले कागदी रुमाल. नऊशे वर्षांच्या भिंतीवर! सायकलवरून येणारे टोळभैरव असणार. नाक दाबून सगळं उचललं. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'ही देवाची जागा आहे. जनावरांनी इथे घाण करू नये.' काठीला ठोकून तिथेच रोवलं.

दुपारी एनिडकडे जेवायला. आलुबुखाराचा गोड पदार्थ केला होता. पाटीचं सांगून मी स्वतःच हसलो. ती म्हणाली, "साय घे अजून."

बुधवार, १३ सप्टेंबर

कचेरीकडून पोच आली. हरकत दाखल. काम थांबलं.

रविवार, १७ सप्टेंबर

उपदेश सुरू झाल्यावर एनिड उठली. म्हटलं, आज आपणही उठायचं, बहीणभावांनी मिळून निषेध करू. ताठ मानेनं तिच्यामागे निघालो.

ती फाटकाकडे गेली नाही. मनोऱ्याला वळसा घालून उत्तरेला गेली. मी कोपऱ्यावर पोचलो तेव्हा माझ्या पाटीसमोर उभी होती, एक हात भिंतीला टेकलेला. वाचत होती. पुढे धिऱ्यामागे गेली नाही. जिथे होती तिथेच मोजे भिजले.

मी मागे सरलो. तिला दिसलो की नाही, कळलं नाही.

जेवायला बोलावलं नाही तिनं.

सोमवार, १८ सप्टेंबर

सकाळी तिच्याकडे गेलो. पाटी उपटून आणली होती, ती शेगडीत घातली. तिनं बघितलं. चहा ओतला.

मी म्हटलं, "सांगायचंस ना गं."

"कसं सांगू? दर रविवारी माझ्याच टेबलाशी बसून तू त्या संडासाला शिव्या घालत होतास. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे, आता असंच राहणार. पबमधल्या संडासापर्यंत जायला धीर निघत नाही."

"मला वाटलं, तुला बाईंचा उपदेश आवडत नाही."

"आवडतो की. शेवट कधी ऐकायला मिळत नाही, एवढंच." मग म्हणाली, "बस चालवायचास तेव्हा म्हाताऱ्या बायकांसाठी मधेच गाडी उभी करायचास तू. वरिष्ठांची बोलणी खायचास. आता मी कुठे उतरू, सांग."

जनावर. माझ्याच हातची अक्षरं.

"पुढच्या रविवारपासून मी चर्चला यायचं नाही असं ठरवलंय," ती म्हणाली.

मंगळवार, १९ सप्टेंबर

कचेरीला लिहिलं: उत्तरेच्या दाराला माझी हरकत होती, ती मागे घेतो. खोली दिसायला ओंगळच होणार, हे मत कायम. पाइप थडग्यांना वळसा घालून न्यावा, एवढी विनंती. काम कधी सुरू होतं ते कृपया लवकर लिहून कळवा. थंडी तोंडावर आली आहे.