घाटातलं वाकडं घड्याळ

अहो,

तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. सकाळी मोखाड्याहून जीप घेऊन जव्हारला गेलेल्या आणि संध्याकाळी परत येणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? आज लिहितेय, कारण दुपारी आपल्या नितीनने मोबाईलवर एक फोटो दाखवला. तुमचं जुनं घड्याळ! म्हणजे तुमचं नव्हे, पण अगदी तसंच. कडेला दबल्यासारखी डबी, बाराचा आकडा कलंडलेला.

"आई, ते बिघडलेलं नव्हतं गं," तो म्हणाला. "मोटार चालवणाऱ्यांसाठी मुद्दाम असं बनवायचे. स्टिअरिंगवरचा हात न उचलता वेळ दिसावी म्हणून."

मी नागली निवडत होते. ती तशीच सुपात राहिली.

नाशिकच्या डॉक्टरांची गाडी चालवायचात, तेव्हा त्यांनी ते तुम्हाला दिलं होतं. तुम्ही उजव्या हातात, तेही मनगटाच्या कडेला बांधायचात. स्टँडवर काशिनाथभाऊजी चिडवायचे, "दादा, तुमचं घड्याळ पिऊन आलंय!" तुम्ही म्हणायचात, "असू दे. घाटात तेवढं एकच शुद्धीवर असतं." मला तो विनोदच वाटला हो! नीट उलगडून का नाही सांगितलंत? मॅट्रिक झालेली बायको होती तुमची, कळलं असतं तिला.

मला लाज वाटायची. खंडेनवमीला जीपच्या चावीशेजारी तुम्ही ते पाटावर ठेवायचात. भंगलेली मूर्ती आपण देव्हाऱ्यात ठेवत नाही, मग पूजेत ही वाकडी वस्तू कशाला? त्या नवरात्रात तुम्ही तापाने पडलात आणि मी ते गुपचूप जव्हारला नेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "वहिनी, मशीन झकास आहे. डबी आणि तबकडी तेवढी वाकडी. नवीन गोल टाकू?" टाका म्हटलं. जुनी त्याच्याकडेच मोडीत टाकून आले.

घरी आणून दिलं, तर किती वेळ हातात धरून बसला होतात! मग म्हणालात, "छान केलंस हं." आणि पुन्हा उजव्याच हातात बांधलंत.

का नाही ओरडलात? नवरा आवाज चढवत नाही म्हणून बायका माझा हेवा करायच्या. एकदा, त्या एका दिवशी, चढवायला हवा होतात!

दहाव्याला जामसरची ती बाई आली होती, त्या शेवटच्या फेरीला जीपमध्ये तुमच्या शेजारी पुढे बसलेली. रडत सांगत होती, "एसटी भेटंल का, मीच इचारलं. दादांनी हात उचलून घड्याळ बघितलं, म्हणले भेटंल. आन् तेवढ्यात वळण."

तेव्हा मला काही उमगलं नाही. रस्ता ओला असेल, समोरून ट्रक आला असेल, आयुष्यच तेवढं असेल, असं मनाला समजावत राहिले. पण तिच्या सांगण्यात ट्रक नव्हता.

आज फोटो पाहिल्यावर देवापुढे बसले. बोटं नुसती मणी ओढत राहिली. माफी कुणाकडे मागू? देवाने दिली तरी ती द्यायचा हक्क तुमचा, आणि तुम्ही तर असतानाही गप्पच असायचात.

दुरुस्त झालेली जीप उद्यापासून नितीन चालवणार आहे, तुमच्याच फेरीवर. हातात तुमचं घड्याळ घालून. "बाबांनी ती जुनी डबी का बदलली असेल गं?" त्याने विचारलं. तेव्हा तो भिवंडीला कामाला होता, त्याला काय ठाऊक! मी म्हणाले, "काय माहीत." देव्हाऱ्याकडे पाठ करून म्हणाले.

खरं सांगून तुम्ही परत येणार नाही. उलट मुलगाही दुरावेल. तरीही वचन देते. उद्या तो चावी उचलायच्या आत ते घड्याळ त्याच्या मनगटावरून माझ्या हातांनी काढून घेईन आणि का काढलं ते एकही शब्द न गिळता सांगेन. घाटात कुणी वेळ विचारली तर उत्तर देऊ नकोस, हेही बजावेन. त्यानंतर तो मला आई म्हणो न म्हणो.

तुमची,
मंदा