बाबा सायकलवर बसत नाहीत

बुधवार, संध्याकाळ. पुणे.

मायनं आज फोनवर सहज सांगून टाकलं. म्हणे, "सायकल नाही, बैल आणून देल्ला तू त्यांले. रोज हातानं धरून तलावावर नेतेत."

म्हणजे दिवाळीत मी सायकल नवी करून देल्ली, तेव्हापासून बाबा तिच्यावर बसलेच नाहीत. तलावातले मासे तिच्यावर लादून पायीच विकायले जातेत.

इथं दुकानात आम्ही हौशी लोकांले जुन्या धाटणीच्या सायकली बनवून देतो. म्हटलं, बाबांची सायकलही तशीच करू. स्प्रिंगची रुंद सीट काढली, पातळ चामड्याची लावली. हँडल खाली घेतलं. फोटोत काय दिसत होती! पण माप मी स्वतः बसून घेतलं. बाबांची कंबर दुखते, हे मले माहीत होतं. तरी एकदाही त्यांले बसवून काहून नाही पाहिलं?

दर रविवारी विचारतो, "चालते कशी?" बाबा म्हणतेत, "दिसते लय भारी. आपल्या कोंढा गावातले लोकं थांबून पाहतेत." चालते कशी, हे त्यांनी कधी सांगितलंच नाही. अन् मी खूश होऊन फोन ठेवत गेलो. पायी चालणारे बाबा आता डोळ्यासमोरून हलत नाहीत.

मायले म्हटलं, बाबांले फोन दे.

"तुही माय काहीबाही बोलते," बाबा म्हणाले. "सायकल मस्त हाये."

"मग आता बसून एक चक्कर मारा. मी फोनवर थांबतो."



"आताच पुसून ठेवली ना, बाबू."