फिट म्हणजे काय

४ सप्टेंबर

'फिट'ला मराठी शब्द काय? सकाळपासून हेच डोक्यात. संग्रहालयाच्या नव्या दालनावर पाटी लागायची आहे – 'जो फिट, तोच टिकतो'. प्राण्यांच्या पाट्या लिहिणं हेच माझं काम. दालनप्रमुख बाई म्हणाल्या, "उत्क्रांतीचं सगळं घोडं या एका शब्दावर अडतं. नीट बघ." बलवान? लायक? निरोगी? 'निरोगी' लिहिलं आणि लगेच खोडलं. हा शब्द माझ्याच वाट्याला यावा, म्हणजे कमालच झाली. मला लहानपणापासून फिट येते.

५ सप्टेंबर

घरात तो शब्द चालत नाही. आई म्हणते, "हिला झोप लागते." पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना तेच. एकदा कळलं की लोक नाव विसरतील आणि तेवढंच लक्षात ठेवतील, असं तिचं म्हणणं. झोप म्हणणं अगदीच खोटंही नाही म्हणा. आधी उजेड मधासारखा दाट होतो. माणसांचे आवाज पाण्याखालून येतात. कुठेतरी फार छान ठिकाणी निघाल्यासारखं वाटतं. मग एकदम फरशी, चावलेली जीभ आणि आईचा चेहरा.

८ सप्टेंबर

मला कायम करणार! पण आधी डॉक्टरांकडून फिटनेसचा दाखला आणायचा. आई चहा गाळता गाळता म्हणाली, "विचारलं तर सरळ नाही म्हणायचं. गोळ्या माझ्या पर्समध्ये राहतील." मी हो म्हटलं. इतकी वर्षं कंत्राटावर काढली, आता हातातोंडाशी आलेलं घालवू कशी? अशी दुसरी नोकरी मला कोण देणार?

९ सप्टेंबर

मागच्या खोलीत नमुन्यांच्या बाटल्या पुसत बसले होते. एकीत गुहेतला मासा आहे – फिकट, डोळेच नाहीत. बाईंना विचारलं, हा कसा काय टिकला?

"अगं, काळोखात डोळे हवेत कशाला? उगाच पोसायचे. तिथे तो फिट आहे. नदीत सोडलास तर नाही टिकायचा." मग म्हणाल्या, "फिट म्हणजे पैलवान नव्हे. डब्यावर झाकण फिट बसतं ना, तसं. कुठे फिट, ते आधी विचारायचं."

दुपारभर मी त्या माशाबरोबर पोहत होते. गार पाणी, गार काळोख, आणि तुला दिसतं का, असं कुणीच विचारत नाही. बाटली पुसायची राहूनच गेली.

१२ सप्टेंबर

'नीट बसणारा' लिहून पाहिलं. लोक हसतील. शेवटी 'फिट'च ठेवला, वाक्य बदललं – 'जो जिथे फिट, तो तिथे टिकतो.' बाई म्हणाल्या, "आता बसलं झाकण."

१५ सप्टेंबर

आज आली. दालनातच. सुतार शिडीवरून पाटी लावत होता, मी खालून सांगत होते, जरा डावीकडे – आणि उजेडाचा मध झाला.

शुद्धीवर आले तेव्हा पहारेकरी काकांनी घडी केलेला कोट माझ्या डोक्याखाली होता. बाई शेजारी फरशीवर बसलेल्या.

"केव्हापासून?"

"लहानपणापासून."

"म्हणून तू त्या माशाची एवढी चौकशी करत होतीस होय."

आईला सांगितलं. ती ताटावरून उठली. नोकरी गेली असं तिने धरूनच टाकलंय. मीही.

१८ सप्टेंबर

डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. आता लपवायचं तरी कुणापासून? आई बाहेर बाकावर, पर्स पोटाशी धरून. मी गोळ्या मागायला गेले तर तिने काढून दिल्या.

काम काय करता? पाट्या लिहिते. शिडीवर चढता? नाही, खालून सांगते. गाडी चालवता? नाही. ते लिहीत राहिले. मला भीती वाटत होती आणि फार हलकंही वाटत होतं.

२२ सप्टेंबर

दाखला आला. 'या कामासाठी फिट.'

आई आतल्या खोलीतून मावशीला फोनवर सांगत होती, "अगं, तिला लहानपणापासून फिट येते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग, "आणि ती फिट आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय."